दाईने भरलेल्या बश्या

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे दाई म्हणत. मेंदूतल्या चेतापेशींना सांभाळणाऱ्या ज्या आधार-पेशी असतात, त्यांना काचेच्या बश्यांत वाढवायचं काम तिचं. एकोणीस वर्षं दर तिसऱ्या दिवशी तिने त्यांचं पोषणद्रव्य बदललं, रविवार असो की सुट्टी. शिकलेली जेमतेम दहावी. मी तिला मनातल्या मनात हसायचे. डिग्री माझ्याकडे होती ना!

या पेशी चिडल्या की मेंदूत दाह होतो. ड जीवनसत्त्वाने तो शमतो का, हे मी तपासत होते. ते जीवनसत्त्व अल्कोहोलमध्ये विरघळवलेलंच येतं. म्हणून ज्या बश्यांत ते घालायचं नाही, त्यांतही तेवढंच नुसतं अल्कोहोल घालायचं, तरच तुलना रास्त होते. हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल.

पहिल्या खेपेला दाई आजारी बहिणीकडे गेली होती, म्हणून बश्या मीच भरल्या. ड जीवनसत्त्वाच्या बश्यांत दाह निम्म्यावर! माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. दुसऱ्या खेपेला दाईने भरल्या आणि फरक जवळजवळ गायब. माझं डोकं फिरलं. सरांसकट सगळ्यांसमोर मी म्हणाले, "दाई, तुम्हाला आता नीट दिसत नाही. बश्यांची सरमिसळ केलीत. माझी सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली."

सरांनी तिला काचसामान धुवायच्या खोलीत पाठवलं. निवृत्तीला दोन महिने उरले होते. जाताना ती एवढंच म्हणाली, "ताई, तुमची वही एकदा बघा."

वही मी चार दिवसांनी उघडली. नुसत्या अल्कोहोलचा रकाना कोरा. मी ते घातलंच नव्हतं. पेशी शांत झाल्या होत्या त्या अल्कोहोलने, आणि दाईच्या बश्या अगदी बरोबर होत्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, तशातली गत. लाजेने कान तापले.

मी तिच्याकडे गेले. आत शिरल्यावर आधी दार लोटून घेतलं.

"दाई, चूक माझी होती."

"माहीत आहे," ती साबणाच्या पाण्यातून हात न काढता म्हणाली. "मी परत आले तेव्हा नुसत्या अल्कोहोलची बाटली सीलबंदच होती."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"सगळ्यांसमोर? तुमचं अजून सगळं व्हायचंय, ताई." तिने चंबू पालथा घातला. "सरांना सांगितलंत?"

"सांगते."

आज सांगू, उद्या सांगू करत दोन महिने गेले. त्या खोलीवरून जाताना मी उगाच फोन कानाला लावायचे. निरोपाच्या दिवशी सर म्हणाले, "वय झालं की हात चुकतोच, पण दाईंची निष्ठा विसरता येणार नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाईने माझ्याकडे पाहिलं, आणि मीही वाजवल्या.