ओवाळून टाकलेला तुकडा

माझी मुलगी अलास्कातल्या एका नदीवर लोकांना मासे धरायला नेते. एवढं साधं वाक्य, पण आमच्या वेस्ट विंडसरमधल्या मराठी बायकांपुढे ते सरळ बोलायला मला चार वर्षं लागली. आधी म्हणायचे, ब्रेक घेतलाय. मग म्हणायचे, नदीवर रिसर्च करते. शेवटी माझा मलाच कंटाळा आला आणि सांगून टाकलं, फिशिंग गाइड आहे, काय म्हणायचं ते म्हणा. जर्सी सिटीतली चांगली नोकरी तिने सोडली तेव्हा मी तिला नको नको ते बोलले होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि बॅग भरली. तिचे बाबा मात्र तिला एअरपोर्टवर सोडून आले.

नोकरीचं दुःख मी गिळलं. अस्वलांचं काही गिळता येईना. समुद्रातून सॅल्मन नदीत चढतात, त्यांची अंडी खायला मागून ट्राउट येतात, आणि या सगळ्यांच्या मागे अस्वलं येतात. त्याच नदीत कमरेएवढ्या पाण्यात माझी एकुलती एक पोरगी उभी असते. हे तिने मला कधी सांगितलं नाही. एका फोटोत तिच्या खांद्यामागे मला अस्वल दिसलं. लगेच फोन लावला तर म्हणते, "आई, रिलॅक्स, तो लांब आहे." लांब म्हणजे केवढं, तर आमच्या दारापासून शेजाऱ्यांच्या मेलबॉक्सएवढं. तेव्हापासून जून लागला की सप्टेंबर सरेपर्यंत मी फोन उशाशी घेऊन झोपते. इथे बसून मी करणार तरी काय होते?

गेल्या जुलैत मात्र हट्टाने गेले. यांचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून एकटीच. तीन विमानं बदलली, त्यातलं शेवटचं सरळ पाण्यावर उतरलं. बॅगेत तांदळाचं पीठ, तुपाची बरणी, लसणीची चटणी आणि माझा बिडाचा तवा. लेक धक्क्यावर उभी होती. काळवंडलेली, केस बारीक कापलेले, हातांना घट्टे. आठ महिन्यांनी बघत होते. मला भरून आलं आणि तेवढाच रागही आला.

ती काम करते त्या लॉजवर तिची केबिन होती, तिथे गेल्यावर आधी एक भाकरी टाकली. आमच्याकडे माणूस खूप दिवसांनी भेटलं की दारात उभं करून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. खरं तर लांबून मी आले होते, पण दृष्ट काढायची ती तिचीच. तिला उंबऱ्यावर उभं केलं, तूप लावलेला तुकडा तिच्यावरून तीनदा उतरवला, इडापिडा टळो म्हटलं आणि बाहेर भिरकावणार, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"आई, बाहेर नाही. स्टोव्हमध्ये टाक."

मग मला बसवून नियम सांगितले. खाण्याचा कण बाहेर पडता कामा नये. भाताची पेज नाही, चहाचा चोथा नाही, जॅकेटच्या खिशात बिस्किटसुद्धा नाही. मासा साफ करायचा तो वाहत्या पाण्यात. अस्वलाला एकदा माणसाच्या खाण्याची चव लागली की ते माणसांकडे यायला लागतं, आणि माणसांकडे येणाऱ्या अस्वलाला शेवटी गोळी घालावी लागते. "त्याची चूक नसते आई. अवर फॉल्ट. ऑलवेज." असं ती दोनदा म्हणाली. मी मान डोलावली. इतकी वर्षं घर चालवलेल्या बाईला ही खरकटं कुठे टाकायचं ते शिकवतेय, असं मनात आलंच. तुकडा लाकडांच्या स्टोव्हमध्ये गेला. मला ते मुळीच पटलं नाही. काढलेली पिडा घराबाहेर टाकायची की घरातच जाळून तिचा धूर नाकात घ्यायचा?

सकाळी गिऱ्हाइकं उठायच्या आत ती मला नदीवर न्यायची. छातीपर्यंतची रबरी विजार घालून मी पाण्यात उभी, आणि पाठीमागून माझा दंड धरून ती. मी कोकणातली. मासे घ्यावेत कसे आणि करावेत कसे हे मला कुणी सांगायला नको, पण धरायचा प्रसंग कधी आला नव्हता. पहिला ट्राउट लागला तेव्हा हाताला जो हिसका बसला, तो मी विसरणार नाही. अंगावर गुलाबी पट्टा, इतका देखणा की बघत राहावं. मी मनात मसाला वाटायला घेतला, तर हिने गळ काढला आणि मासा पाण्यात सोडून दिला. म्हणाली, ट्राउट सोडायचेच, ठेवायचे ते सॅल्मन.

"धरायचा, त्याचा जीव घाबरा करायचा, आणि सोडायचा. हा कसला खेळ तुमचा?"

"आई, बोलत राहा," ती हसत म्हणाली. "मोठ्याने. अस्वलांना चाहूल लागायला पाहिजे. यू आर अ नॅचरल."

मग मी बोलत राहिले. तिचं लग्न, तिचा हेल्थ इन्शुरन्स, तिचे केस, सगळं त्या नदीला ऐकवलं. इतके दिवस फोनवर ती दोन मिनिटांत ठेवायची, इथे तिला ऐकणं भाग होतं.

तिथेच ते अस्वल दिसलं. लहानसर, अंगाच्या मानाने मोठाले पाय, पाण्यात उड्या मारतंय आणि हाती काही लागत नाही. सॅल्मन त्याच्या पायांतून निघून जात होते. मुलगी त्याला तीन उन्हाळे ओळखत होती. पहिल्या वर्षी ते मांजराएवढं होतं, आईच्या मागे धडपडायचं. यंदा आईने त्याला हाकलून दिलं होतं. तसंच असतं म्हणे, वेळ झाली की आई फटके मारून घालवते.

"बघ, त्यांच्यात आया हाकलतात," मी म्हटलं. "आमच्यात पोरंच आम्हाला टाकून जातात."

तिने अस्वलावरची नजर काढली नाही. आपला गळ गुंडाळला आणि मला हळूहळू मागे नेलं. अस्वल आलं की आपण जागा सोडायची, हाही नियमच. त्याच वेळी पलीकडच्या झाडीतून दुसरं निघालं. हे मोठं होतं, केवढं ते सांगायला मला माप सापडत नाही. ती माझ्या पुढे झाली, हात वर केले आणि त्याच्याशी शांतपणे बोलायला लागली. ते उभं राहून बघत होतं. इतका वेळ नदीभर बडबडत होते, आणि माझ्या पोरीच्या पुढे मरण उभं तर माझ्या तोंडून शब्द निघेना. ते आपल्या वाटेने गेलं. ती वळून म्हणाली, "ओके? चल, चहा करू." म्हणजे हे तिचं रोजचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी भाकरतुकडा ओवाळायला लागले. तिच्या नकळत. ती पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधायची, तेव्हा मागून तीनदा हात फिरवायचा आणि तुकडा खिशात घालायचा. गिऱ्हाइकांना घेऊन ती नदीवर गेली की, अस्वलांसाठी लॉजभोवती घातलेल्या विजेच्या तारेच्या कुंपणाबाहेर, पायवाटेच्या कडेला एक पसरट दगड होता, त्यावर ठेवून यायचा आणि मागे वळून बघायचं नाही. अन्न बाहेर टाकायचं नाही हे मला मान्य होतं हो. पण ओवाळून टाकलेला तुकडा म्हणजे अन्न, असं माझ्या डोक्यात आलंच नाही. ते काय कुणी खायला ठेवतं? ती पिडा असते. मीठ-मोहऱ्यांनीही दृष्ट काढता येते, आणि मीठ-मोहऱ्या कुठलंच जनावर खात नाही. तेही मला सुचलं नाही.

रोज दगड स्वच्छ असायचा. मला वाटलं कावळे. तिथे मोठाले काळे कावळे आहेत. कावळा शिवला की आपल्याला बरंच वाटतं. पाचव्या दिवशी गेले तर दगडाशी ते बसलं होतं, तेच लहानसर. मी कुंपणाच्या आत होते, ते बाहेर. माझ्याकडे बघून त्याने नाक वर केलं. खोटं कशाला बोलू, भीती वाटली नाही. मला त्याची दया आली. मासा धरता येत नाही, आईने घालवलेलं, पोटात काय असणार? तुकडा तारेवरून टाकला आणि म्हटलं, "खा बाबा. पण माझ्या पोरीच्या वाटेला जाऊ नकोस, आणि तुझ्या भाऊबंदांनाही सांग." त्याने खाल्लं आणि दगड चाटला. पुढचे दोन दिवस मी तुकडा न्यायचे तो मोठा न्यायचे, आणि मुलीला अवाक्षर सांगितलं नाही. ती माझी तुटपुंजी सोय होती, तीही तिने बंद केली असती.

त्यानंतरच्या सकाळी माझ्या गळाला सॅल्मन लागला. चांगला दांडगा, मला ओढत होता. मुलगी म्हणत होती, "स्लो, आई, स्लो," आणि तेवढ्यात ते लहानसर अस्वल झाडीतून आलं. तिने लगेच चाकूने माझी दोरी तोडली. मासा घेऊन अस्वल निघून जाईल असा त्यात हिशेब असतो. दोरी तुटलेला मासा उथळ पाण्यात त्याच्या पायाशी तडफडत होता. त्याने माशाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्याकडे यायला लागलं, नाक वर करून, ओळखीच्या घरी यावं तसं.

ती ओरडली, टाळ्या वाजवल्या. ते थांबेना. अगदी जवळ आलं तेव्हा तिने कमरेचा मिरचीचा फवारा त्याच्या तोंडावर मारला. त्याने जो आवाज काढला तो लहान पोराचा होता. डोळे चोळत, झाडांवर आपटत ते पळून गेलं. थोडी मिरची वाऱ्याने आमच्याकडेही आली, आम्ही दोघी खोकत काठावर बसलो.

"आई, खिशात काय आहे?"

खिशात काही नव्हतं. तुपाचा वास होता आणि शिवणीत भाकरीचा चुरा. मी सगळं सांगितलं. ती ओरडेल, वाटेल ते बोलेल, असं वाटलं होतं. नोकरी सोडताना मी तिला बोलले होते, तसं तिने मला बोलायला हवं होतं. ती फक्त म्हणाली, "किती दिवस?" मी म्हटलं, "सात." तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तिने लॉजच्या म्हाताऱ्या मालकाला जाऊन सांगितलं. तार पायवाटेपर्यंत वाढवली, दगड घासून धुतला, दोन दिवस सगळे जागरूक राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी लॉजच्या स्वयंपाकघराचं दार फोडून ते आत शिरलं. आचारी खिडकीतून बाहेर पडला म्हणून वाचला. मग वायरलेसवर बोलणं झालं आणि दुसऱ्या दिवशी विमानातून दोन सरकारी माणसं आली.

मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. सांगितलं की चूक माझी आहे, त्याला लांब कुठेतरी सोडा. माझं इंग्रजी वाईट नाही, या देशात उभं आयुष्य गेलं, पण त्या दिवशी वाक्य पुरं होईना. त्यातला मोठा माणूस सज्जन होता. टोपी काढून म्हणाला, मॅडम, ती परत येतात. मी म्हटलं, मला दंड करा. तो म्हणाला, तो वेगळा विषय आहे. मग त्याने विचारलं, नेमकं कुठलं अस्वल, हे खात्रीने कोण सांगेल?

सांगणारी एकच होती. माझी मुलगी त्यांच्याबरोबर गेली. जाताना तिने बुटांच्या नाड्या त्याच पायरीवर बसून बांधल्या, मी मागे उभी होते आणि माझे हात नुसते लोंबत होते. तासाभराने आवाज आला. एकच. मी पलंगावर बसले होते. पिठाचा डबा समोर होता, तो उचलून कपाटात ठेवला आणि परत बसले.

ती आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. "मला बघून ते पळालं नाही," एवढंच बोलली. मी तिला जवळ घ्यायला गेले, तिने घेऊ दिलं, पण आपले हात काही माझ्याभोवती टाकले नाहीत. ओवाळलेला तुकडा जो खातो त्याच्यावर पिडा जाते म्हणतात. लहानपणापासून ऐकलंय आणि कधी खरं मानलेलं नाही.

मी घरी आल्यावर ती आठवड्याला फोन करायची, पूर्वीपेक्षा जास्तच. त्या विषयावर आम्ही दोघी बोललो नाही. यांनाही मी अर्धंच सांगितलं.

दिवाळीला ती आली. हे तिला एअरपोर्टवरून घेऊन आले. दार उघडलं तर ती उंबऱ्याबाहेर थांबलेली, बूट न काढता, बॅग खांद्यावर तशीच. कधीपासूनची सवय आहे, ओवाळल्याशिवाय ती आत येत नाही. सकाळी मी तवा ठेवला होता, पीठही भिजवलं होतं, आणि भाकरी न टाकताच गॅस बंद केला होता. तिने माझ्या हातांकडे बघितलं. मी ते पदराला पुसत होते. ओले नव्हते तरी पुसत होते.

"ये," मी म्हटलं.

ती आणखी थोडा वेळ थांबली. मग तशीच आत आली.