सासूबाईंसाठी शिव्यांचा अनुवाद

तीन महिन्यांसाठी इकडे परदेशात, स्कोफिल्ड्सला आलेल्या सासूबाई कोविडमध्ये विमानं बंद झाल्यामुळे आमच्याकडेच अडकल्या. तिकडे सासरे एकटे होते. त्या काळजीने सासूबाईंचं बोलणं आटलं आणि हसणं तर पार बंद झालं. त्यांना हसवायचा विडा मी उचलला.

सुपरहिरोचा सिनेमा म्हणजे लहान मुलांचा, अशा समजुतीने एका शनिवारी दुपारी मी तसला एक इंग्रजी सिनेमा लावला आणि मराठीत समजावून सांगायला शेजारी बसलो. पहिल्याच मिनिटाला त्यातल्या मुखवटेवाल्या हिरोने अशी शिवी हासडली, की बायको थेट किचनमध्ये पळाली.

"काय म्हणाला?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणाला, तुम्ही फार वाईट आहात."

"जावईबापू, तो एवढा वेळ बोलला आणि अर्थ एवढाच? तमाशातला सोंगाड्या पाहिलाय मी. नीट सांगा."

मग मी घसा खाकरला, देवाची माफी मागितली आणि ती शिवी अस्सल मराठीत सांगितली. सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

असा वाह्यात सिनेमा काढणं केवढं धोक्याचं, तरी तो एवढा चालला कसा, हे माझं कोडं त्यांनीच सोडवलं. "हा आधी स्वतःची टर उडवतो, मग दुसऱ्याची. त्याच्यावर रागवायचं कसं?"

त्या मुखवटेवाल्याचे उपकार मी विसरणार नाही. संध्याकाळी सासूबाईंनी सासऱ्यांना फोन लावला. "अहो, ऐका," म्हणाल्या, आणि ती शिवी माझ्यापेक्षा झकास फेकली. पलीकडे सासरे खो खो हसले.