मांस-अंडी बंद, पण बेसन?

१. माझ्या दहा वर्षांच्या भावाच्या शरीराला प्रथिनांतला एक घटक मोडता येत नाही. तो रक्तात साचला, तर डोळ्यांना धोका असतो.
२. म्हणून रोज बी-६ जीवनसत्त्वाची गोळी आणि मोजून जेवण.
३. आज दुपारी सौसर गावी मामींनी त्याला पोटभर पाटवडी वाढली.

"मांस-अंडी बंद म्हणून तूच सांगतलं नं बाई? हे तं बेसन हाय. लेकरू सुकून राहिलं तुह्या वजनकाट्यानं!"

मी ताट उचललं, तेव्हा आणखी एक वडी त्याच्या मुठीत होती.

चूक माझीही आहे. डाळ-बेसनातही प्रथिनं असतात, हे मी सांगितलंच नव्हतं.

आईच्या ऑपरेशनमुळे शनिवारपासून तो आठवडाभर मामींकडेच राहील. त्यांना न दुखवता काय लिहून देऊ? असं पथ्य सांभाळणाऱ्यांनी कृपया शुक्रवारपर्यंत कळवावं.