ओळीवर बोट

भांडुपच्या शाळेत जोसेफीनबाईंना पाठीमागे सगळे 'वाळूवाल्या बाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. शनिवारी शाळा सुटली की त्या मरोळच्या गावठाणातून येत, पिशवीतून परात काढत, तीत वाळू पसरत आणि दमलेल्या शिक्षकांना सांगत, आज आपण 'घ' आणि 'ध' गिरवू या. शिक्षक हसत. पण बोटं वाळूत घालत.

वांद्र्याला एका कोर्सला जाऊन त्या हे शिकून आल्या होत्या. काही मुलं बोलायला चुरचुरीत असतात, पण छापलेलं अक्षर त्यांच्या डोळ्यांपुढे स्थिर राहत नाही. त्याला डिस्लेक्सिया म्हणतात, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा हेडमास्तर सामंत म्हणाले होते, "आमच्या वेळी ह्याला 'ढ' म्हणायचे. एका अक्षरात काम भागायचं."

सगळे हसले. जोसेफीनबाईही हसल्या. मग म्हणाल्या, "पण सर, ते एक अक्षर तरी त्या पोराला वाचता येतं का?"

शिक्षकांच्या या शनिवारच्या वर्गाला एकाच वर्षाची परवानगी होती. १९८६च्या मार्चमध्ये शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. त्यांनी मान हलवली तर वर्ग पुढे चालू, नाहीतर बंद.

शिक्षकांत मन लावून शिकणारी एकटी अनुपमा तावडे. ती चौथीला शिकवायची. तिच्या वर्गात मालन होती. गोष्ट एकदा ऐकली की मालनला पाठ व्हायची, आणि पुस्तक उघडलं की तिला घाम फुटायचा. पुढे पुढे बाई परात आणि वाळू शाळेतच ठेवून जाऊ लागल्या; मधल्या सुट्टीत अनुपमा मालनला परातीपाशी बसवी. दिवाळीनंतर कधीतरी मालन 'घर' वाचायला लागली. मग 'धर'. एकेक शब्द, अडखळत, पण स्वतःचा स्वतः. जोसेफीनबाईंना त्याचं फार अप्रूप. साहेबांना त्या तेच दाखवणार होत्या, मुलगी कुठे अडते आणि कशी सावरते ते.

तपासणीच्या दिवशी अनुपमाने मालनला उभं केलं. मालनने पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि नदीचा धडा घडाघडा वाचला. कुठे अडली नाही. जोसेफीनबाई तिच्या मागेच उभ्या होत्या. मालनच्या तोंडी नदी समुद्राला मिळाली, तेव्हा तिचं बोट अजून डोंगरातच होतं. पान तर तिने उलटलंच नव्हतं.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या वर्गाने वाजवल्या. मालनचा चेहरा फुलला. तिच्यासाठी आजवर कोणी टाळी वाजवली नव्हती.

जोसेफीनबाईंनी अनुपमाकडे पाहिलं. अनुपमा खाली बघत होती.

साहेब खूश होते. ते सामंतसरांना म्हणाले, वर्षात एवढी प्रगती, म्हणजे तुमचे शिक्षक तयार झाले. आता वेगळा वर्ग कशाला? प्रशिक्षण पूर्ण झालं असं लिहून टाकतो.

जोसेफीनबाई पुढे झाल्या. त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की हिला दुसरं एखादं पान वाचायला सांगा. तेवढ्यात मालनने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि ती हसली. बाई होत्या तिथेच थांबल्या. साहेबांनी पेन खिशाला लावलं.

अनुपमाने जोसेफीनबाईंना व्हरांड्यात गाठलं.

"बाई, तुमचा वर्ग टिकावा म्हणून केलं हो. महिनाभर पाठ करून घेतला. ती तिथे अडखळली असती तर साहेब म्हणाले असते, वर्षभर काय दिवे लावलेत?"

"म्हणाले असते," जोसेफीनबाई म्हणाल्या.

"मग मी काय करायला हवं होतं?"

महिनाभरात परात किती वेळा काढली, हे बाईंनी विचारलं नाही. त्या वर्गात परत गेल्या. परात खिडकीखाली उभी करून ठेवली होती. वाळू डब्यात होती, कोरडी, वर खडूची धूळ बसलेली. त्यांनी दोन्ही पिशवीत भरलं.

मालन दारात आली. पुस्तक छातीशी धरलेलं होतं.

"बाई, आता दुसरा धडा पाठ करू?" तिने विचारलं. "आता वाळू नको ना?"

"नको," बाई म्हणाल्या.