धुक्यात बोलणारा हुन्विन

हुन्विन आमच्या गावात आला तो ओरडतच. रस्ता सोडून रानातून येणाऱ्याने शिंग फुंकायचं किंवा हाका मारायच्या, नाहीतर त्याला चोर समजून ठार केलं तरी कुणी जाब विचारत नाही. जवळ शिंग नव्हतं, म्हणून बिचारा घसा फोडत आला. आम्ही बायका ओढ्यावर लोकर धूत होतो. मला वाटलं, हा माणूस आता जन्मभर बडबडून आपलं डोकं खाणार. कसलं काय. त्याने पाणी मागितलं, राहायला जागा मागितली, आणि मग तोंड मिटलं ते मिटलंच.

तो उत्तरेकडचा होता, एवढं त्याच्या हेलावरून कळलं. खांद्यावर जुना घाव होता. उजव्या मनगटावर कातडीचा पांढरा पट्टा होता, म्हणजे तिथे बरीच वर्षं कडं असणार, आणि कडं सरदाराच्या हातूनच मिळतं. बाकीचं आमचं आम्ही समजलो. सरदार लढाईत पडला, सोबती पडले, आणि हा उरला. असा माणूस घरी परत जात नाही, आणि आपण त्याला विचारत नाही.

त्याने दलदलीच्या काठावर वेताची झोपडी बांधली. वाळुंजाच्या काड्यांचे सापळे विणायचा आणि वाम मासे धरायचा. दर दोन-चार दिवसांनी माझ्या गोठ्याच्या दारात मासे ठेवायचा, मी चीज द्यायची, तो मान हलवायचा आणि चालू पडायचा. हवा कशी आहे हेसुद्धा बोलायचा नाही. माझा नवरा लुल्ला म्हणायचा, "टाटे, त्याच्यापेक्षा ते मासे जास्त बोलतात."

पण गाव त्याला मान द्यायचं ते याचसाठी. आमच्याकडे पुरुषाने दुःख बोलून दाखवायचं नसतं. माझा थोरला दीर मारला गेल्याचा निरोप आला, त्या दिवशी सासरे म्हणाले, "यंदा जव बरा आलाय." बस्स. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि वर्षभर त्यांचं कौतुक केलं. मला ही रीत कधी पटली नाही, पण मला विचारतो कोण.

आता खरी गोष्ट सांगते. हुन्विन बोलायचा. रोज पहाटे बोलायचा, आणि मी ते ऐकायची.

गावामागे एक बुटकं टेकाड आहे. अंधार विरळ व्हायला लागला की हुन्विन त्यावर चढायचा आणि आपल्या मेलेल्या माणसांशी बोलत बसायचा. खाली धुकं दाटलेलं असायचं, त्यामुळे त्याला ना घरं दिसायची ना माणसं. धुक्यात आवाज उलट लांब जातो, हे त्या डोंगराळ मुलखातल्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं. मी गाय पिळत असायची आणि टेकाडावरून आवाज यायचा, "विग्मुंड, ऊठ रे. किती घोरशील? तुझ्या घोरण्याने शत्रू जागा होईल." मग थोड्या वेळाने, "टिडा, माझा चाकू तूच ढापलास. मेलास म्हणून सोडणार नाही मी." आणि हसायचा. आणि हसता हसता रडायला लागायचा, अगदी लहान पोरासारखा, आवाज करून. माझे हात थांबायचे, गाय लाथ मारायची.

हे मी कुणालाही सांगितलं नाही, अगदी लुल्लालाही नाही. एखाद्याला उघडंनागडं अंघोळ करताना पाहिलं तर आपण गावभर सांगतो का? तसंच ते.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर, जनावरं कापायच्या दिवसांत, कुथरेडचा बैल चोरीला गेला. कुथरेड म्हणजे आमच्यातला मोठा शेतकरी, आणि आवाज त्याहून मोठा. पहाटे बैल खुंट्याला होता आणि उजाडेपर्यंत नव्हता. खुरांचे ठसे दलदलीच्या काठाने गेले आणि हुन्विनच्या झोपडीपाशी चिखलात विरले. झालं. दुपार व्हायच्या आत राजाचा कारभारी घोड्यावरून हजर. हुन्विनला आमच्या मोठ्या अ‍ॅश झाडाखाली उभं केलं.

"पहाटे कुठे होतास?" कारभाऱ्याने विचारलं.

हुन्विन गप्प.

"अरे, झोपला होतास तर झोपला होतास म्हण."

तरी गप्प. खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना.

"मग शपथ घे," कारभारी म्हणाला. "आणि तुझी शपथ खरी आहे असं सांगणारे अकरा पुरुष उभे कर. तुझे भाऊबंद कोण आहेत?"

"कुणी नाही."

"सरदार?"

"नाही."

"मग सूर्य त्या वेतांमागे जाईपर्यंत कुणी मिळतं का बघ. नाही मिळालं तर लोखंड आहेच."

लोखंड म्हणजे भट्टीतून काढलेली लाल कांब हातात धरून चालायचं. मग हात बांधून ठेवतात, आणि सोडल्यावर जखम चिघळलेली निघाली की माणूस चोर ठरला. हात तोडतात. ज्याला भाऊबंद असतात तो शपथेवर सुटतो. ज्याला कुणी नाही, त्याचा हात जातो. माझ्या अंगाची नुसती आग आग झाली.

हुन्विन झोपडीकडे गेला आणि मी त्याच्या मागे धावले. तो शांतपणे सापळा विणत बसला होता. दोन्ही हातांनी.

"दादा," मी म्हटलं, "तुम्ही टेकाडावर होतात. सांगून टाका ना."

त्याचे हात थांबले. "तुला काय ठाऊक?"

"गोठ्यात ऐकू येतं."

त्याचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आपण याला सुरी मारली. "किती ऐकलंस?"

"फार नाही," मी म्हटलं. खोटंच.

"टाटे, हात गेला तर एका हाताने मासे धरीन. पण मी तिथे बसून काय करतो हे गावाला कळलं, तर कुठल्या तोंडाने जगू? तुझ्या पाया पडतो. कुणाला बोलू नकोस."

मी हो म्हणाले आणि बाहेर पडले. बाहेर पडले आणि मला संतापच आला. माणसाचा हात तुटायची वेळ आली आणि मी त्याची अब्रू झाकत बसू? बैलाच्या मामल्यात बाईची शपथ चालत नाही, नाहीतर मी एकटीच झाडाखाली जाऊन उभी राहिले असते. मग मी झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि पळत सुटले.

लुल्ला खळ्यात जव झोडपत होता. मी धापा टाकत म्हटलं, "ऐका, मी आता जे सांगते ते कुणाला सांगायचं नाही. हुन्विनदादा रोज पहाटे टेकाडावर—"

"—जाऊन रडतो," लुल्ला म्हणाला. "मग?"

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"पहाटे ओढ्यातली जाळी काढायला जातो ना मी. कान का घरी ठेवून जातो?"

"आणि मला कधी बोलला नाहीत?"

"तू बोललीस?"

भांडायला वेळ नव्हता. "आज पहाटे ऐकलंत?"

"ऐकलं की. टिडाला शिव्या देत होता. चाकूवरून."

"चला मग," मी म्हटलं, आणि त्याच्या हातातली झोडपायची काठी काढून फेकली.

दुद्दा लोहाराच्या भट्टीपाशी आलो. लोखंड त्याच्याकडेच तापणार होतं. भाता चालू होता, कांब निखाऱ्यात होती, आणि दुद्दाचं तोंड आंबट झालेलं. तो कुणाशी धड बोलत नाही. मी आडून आडून सुरुवात केली, तशी त्याने मला मध्येच तोडलं.

"टाटे, मी भट्टी कधी पेटवतो? पहाटे. टेकाडाच्या पायथ्याशी कोण राहतं? मी. आता मला शिकवू नकोस."

"म्हणजे तुम्हीपण..."

"चार हिवाळे ऐकतोय." त्याने भाता सोडून दिला. "धन्याचं सांगतो, टिडाचं सांगतो, त्या घोरणाऱ्याचं सांगतो. नदीपाशी आला की मात्र गप्प होतो. ओस्लाकला म्हणतो, 'तू थांब, आधी मी उतरतो,' आणि पुढे एक शब्द नाही. चार हिवाळे मी त्या नदीच्या काठावर उभा आहे."

खरं सांगते, त्या ओस्लाकचं काय झालं ते मलाही ऐकायचं होतं. दुद्दाने कांब चिमट्याने धरली आणि पाण्याच्या पिंपात बुडवली. चर्र झालं. "थंड आहे आता," तो म्हणाला. "विचारलं तर सांगा, कोळसा ओला होता."

त्यानंतर काय धावाधाव झाली म्हणून सांगू. मेंढपाळ म्हणाला, मी ऐकतो पण कानात लोकर घालून. पाद्रीबाबा म्हणाले, प्रार्थनेच्या वेळी ऐकू येतं, मी डोळे मिटून घेतो. मधमाश्या पाळणाऱ्या लिओब्विनने तर मलाच दम भरला, "तू ही गोष्ट बाहेर बोलतेस? त्याला काय वाटेल?" जिथे जावं तिथे हेच. ज्याला त्याला वाटत होतं की आपण एकट्यानेच ऐकलं, आणि जो तो ओठ शिवून बसला होता. अख्खं गाव त्या एका माणसाच्या पोटातलं दुःख पोटात घेऊन हिंडत होतं. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

सूर्य वेतांना टेकला तेव्हा झाडाखाली हुन्विन एकटाच उभा होता. कारभारी लोखंड आणा म्हणणार, तेवढ्यात लुल्ला पुढे झाला. "याची शपथ निर्मळ आहे. मी सांगतो." मग लिओब्विन. मग मेंढपाळ. मग एकामागून एक, इतके की मागच्यांना कारभाऱ्याने हाताने मागे सारलं.

कुथरेड उसळला. "कारभारीसाहेब, हे याला ओळखतात तरी का? चार वर्षांत याने यांच्यापैकी कुणाशी चार वाक्यं बोलली असतील तर बैल सोडला मी."

"प्रश्न बरोबर आहे," कारभारी म्हणाला. "शपथ माणूस ओळखून घ्यायची असते. हा कोण? कुणाचा?"

सगळ्यांनी खाली बघितलं. हुन्विनने माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेने मला जागच्या जागी पुरल्यासारखं झालं. तेव्हा दुद्दा पुढे आला. काळे हात कातडी पट्ट्याला पुसत म्हणाला, "आज पहाटे हा टेकाडावर होता, बैलापाशी नाही. आपल्या माणसांशी बोलत होता. रोज बोलतो. सरदार याचा खिंडीत पडला. त्याच्यावर ढाल धरून विग्मुंड पडला, त्याच्यामागून टिडा—"

"आधी टिडा," कुथरेड म्हणाला. "मग विग्मुंड."

कुथरेडचं तोंड बिटासारखं लाल झालं. "म्हणजे... माझं शेत तिकडेच आहे ना. ऐकू येतं कधीमधी. आज मी बैल शोधत होतो, म्हणून आजचं मला ठाऊक नाही."

पहिल्यांदा लुल्ला हसला, मग मेंढपाळ, मग कारभाऱ्याचा घोडा बिचकेपर्यंत सगळं गाव हसलं. क्रुसावर हात ठेवून हुन्विनने शपथ घेतली, अकरा जणांनी ती उचलून धरली, आणि मामला मिटला. बैल पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या गायींमध्ये सापडला, दोर तोडून गेला होता मेला.

पण हुन्विन हसला नव्हता. शपथ झाल्या झाल्या तो झोपडीकडे गेला आणि खांद्यावर बोचकं टाकून परत आला. आम्ही अजून झाडाखालीच होतो, दारूचं मडकं नुकतं उघडलं होतं.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"कुठेही," तो म्हणाला. "तुम्ही माझा हात वाचवलात, तुमचे उपकार. पण सगळ्या गावाने मला रडताना ऐकलंय. इथे तोंड दाखवायला जागा नाही मला." आणि तो रस्त्याला लागला. आमच्या पुरुषांची रीत बघा, एकालाही थांब म्हणता येईना. सगळे आपापल्या पेल्यात बघत बसले. मी लुल्लाला कोपराने ढोसलं, तो म्हणाला, "यंदा जव..." मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

"ए," दुद्दा ओरडला.

हुन्विन थांबला, पण वळला नाही.

"जायचं तर जा," दुद्दा म्हणाला. "पण त्या ओस्लाकचं काय झालं ते सांगून जा. चार हिवाळे नदीवर उभं केलंयस आम्हाला. पाय गारठले माझे."

मी दुद्दाच्या बाजूला सरकून बाकावर जागा केली. कुथरेडने स्वतःचा पेला भरला आणि त्या जागेपुढे ठेवला. हुन्विन परत आला, बोचकं खाली ठेवलं आणि बसला. पेल्याला त्याने हात लावला नाही. आमच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं, जणू पहिल्यांदाच बघत होता.

"ओस्लाक माझा धाकटा भाऊ," तो म्हणाला. "त्याला पोहता येत नव्हतं."