सीरियस म्हणजे गेलेला

आमच्या गावात, रोहण्यात, तार आली की ती फोडायच्या आधीच रडणं सुरू व्हायचं. पोस्टमनसुद्धा तार द्यायची असली की सायकल लांब उभी करून, मान खाली घालून चालत यायचा. तारेनं कोणाकडे बारशाची किंवा नोकरीची बातमी आल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि त्या तारेत 'एक्स्पायर्ड' असं कोणी लिहीत नसे. माणूस गेलेला असला तरी 'सीरियस' लिहायचं. म्हणजे वाचणारा जागीच कोसळत नाही, निदान गाडीत बसून पोचतो तरी. यात माणुसकीच होती, मी नाही म्हणत नाही. पण हळूहळू ही खुबी सगळ्यांनाच कळली आणि 'सीरियस' म्हणजे गेलेला, हे पक्कं होऊन बसलं. जो खरंच नुसता आजारी आहे त्याच्यासाठी आता शब्दच उरला नाही, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मी तेव्हा वर्ध्याला कॉलेजात बी.ए. करत होते. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. आमच्या इंग्रजीच्या सरांना जुळ्या भावांसारखे दिसणारे शब्द वेगळे करून दाखवण्याचा भारी नाद होता. 'स्टील' म्हणजे नकळत उचलून नेणं आणि 'रॉब' म्हणजे डोळ्यांदेखत हिसकावणं. मलाही तो नाद लागला. घरी आले की शेजारच्या पोरांना धरून शिकवायची. बाबा हसायचे आणि म्हणायचे, "चोरी ते चोरी. मास्तरीणबाई, त्यात काय एवढं?"

त्या दिवाळीच्या सुट्टीत बाबा हिंगणघाटला काकांकडे गेले होते. काका तिथे एका गिरणीत कामाला होते. दुपारी आई अंगणात गहू निवडत बसली होती आणि पोस्टमन मान खाली घालून आला. तार मीच वाचली. 'ब्रदर सीरियस कम सून.' काकांनी केलेली.

माझ्या तोंडून 'सीरियस' बाहेर पडायचा अवकाश, आत्यानं हंबरडा फोडला. ही बाबांची मोठी बहीण, विधवा, आमच्याकडेच राहायची. "गेला वो माहा भाऊ!"

"आत्या, सीरियस म्हंजे लय बिमार," मी ओरडले. "गेले असते तं एक्स्पायर्ड आलं असतं. दोन अलग शब्द हायेत!"

"तुह्या कालेजातले शब्द राहू दे, पोरी. तुह्या आजोबाच्या वक्ताले सीरियसच आलतं. माह्या मालकाच्या वक्ताले बी सीरियसच आलतं. कोण जिता भेटला मले?"

मी तार पुन्हा वाचली. सीरियसच होतं.

आईनं दोन्ही हात जमिनीवर आपटले, पुन्हा आपटले. बांगड्या फुटल्या, काचा मनगटात घुसल्या, गव्हात रक्त सांडलं. आत्या रडत रडत पुढे झाली आणि आपल्या पदरानं तिनं आईचं कुंकू पुसलं. मी तिचा हात धरला तर शेजारच्या दोघींनी मला ओढून बाजूला नेलं. "पोरगी येडी झाली दुःखानं," एक म्हणाली. एका शब्दावर माझ्या आईला विधवा करून टाकलं होतं आणि करणाऱ्या सगळ्या तिच्यावर जीव टाकणाऱ्या बायका होत्या.

रोहण्याहून वर्धा आणि वर्ध्याहून हिंगणघाट अशी एस.टी. बदलत आम्ही तिघी निघालो. कंडक्टरनं आईचं कपाळ पाहून पुढची सीट रिकामी करून दिली. शेजारी एक नवी नवरी बसली होती. तिच्या सासूनं तिला हळूच उठवलं आणि मागे नेऊन बसवलं. आईनं ते पाहिलं आणि तोंड खिडकीकडे केलं. मला त्या सासूच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं.

काका दवाखान्याच्या फाटकातच उभे होते. आईकडे पाहून ते पांढरेफटक पडले.

"वयनी, हे काय? कोण गेलं तिकडं?"

आत्या म्हणाली, "काऊन? तुनंच तं तार केली."

"अवो, सीरियस लिवलं मी! झटका आलता त्याले. आता बरा हाय, मंघाशीच चहा पेला."

आई धावत सुटली. मी तिला त्याआधी आणि त्यानंतर कधी तसं धावताना पाहिलं नाही. तिच्या कपाळाचं आणि मनगटांचं आमच्यापैकी कोणाला सुचलंच नाही. ते जिवंत आहेत, एवढंच डोक्यात होतं.

बाबा उशीला टेकून बसले होते. आईला पाहून हसले. मग त्यांची नजर तिच्या कपाळावर गेली, तिथून मोकळ्या मनगटांवर आली. हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले.

"डॉक्टर मले म्हणे, चार रोजात घरी जाशीन," ते सावकाश म्हणाले. "तुले खरं सांगितलं वाटते."

आईनं दोन्ही हातांनी कपाळ झाकून घेतलं. मग मीच बोलत सुटले. तार, सीरियस, एक्स्पायर्ड, आत्या, सगळं सांगितलं. काकांनी शपथ घेतली. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आजारी माणसाची समजूत घालावी तशी माझ्या हातावर थाप मारली. त्यांना त्यातलं काही पटलं नव्हतं. काका बाजारातून कुंकवाची पुडी आणि बांगड्या घेऊन आले. आईनं बाबांसमोरच कुंकू लावलं. त्यांनी ते पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. दुसरा झटका आला, हृदय कमजोरच होतं, तो कधीही येऊ शकत होता, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

काकांच्या घरी माणसं जमली. आत्या भिंतीला टेकून बसली होती, डोळे रडून सुजलेले. कोणीतरी विचारलं, कसं कळलं हो तुम्हाला?

"तार आलती," ती म्हणाली. "ही पोरगी नाई म्हणे. पण तार कधी खोटी नाई निघत."

सगळ्यांनी माना हलवल्या. तार करणाऱ्या काकांनीही.