डॉक्टरांच्या गाडीची दांडी

गौरव्वाशी, म्हणजे माझ्या बायकोशी, उभा जन्म संसार केला, तिलाही हे ठाऊक नाही. सिद्धेश्वरापुढं हात जोडून उभा राहतो तेव्हासुद्धा एवढी एक गोष्ट मी मनातल्या मनात टाळून पुढं जातो. देवाला सगळं माहीतच असतं म्हणतात, मग सांगायचं कशाला — अशी माझी पळवाट. तुम्हाला मात्र सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, तेवढंच जरा सोपं जातं.

मी सिद्राम मिस्त्री. सोलापुरात विजापूर रस्त्याला माझं गॅरेज. आज पत्र्याची शेड आहे, गाडीखाली उतरायला खड्डा आहे, पाटी आहे. सत्तर सालानंतरची ती पहिली एक-दोन वर्षं — तेव्हा यातलं काही नव्हतं. एक कडुलिंबाचं झाड, बुंध्याला टेकवलेली पेटी, पेटीत पाने-पक्कड, आणि मी. ज्यांच्याकडं काम शिकलो त्या उस्तादांच्या हाताखालून नुकता बाहेर पडलेलो. अंगात मस्ती भरपूर, हाताला काम नाही. कोण देणार हो आपली गाडी झाडाखालच्या माणसाला?

डॉक्टरांनी दिली.

डॉक्टर म्हणजे आमच्या पेठेतलं मोठं प्रस्थ. घराच्याच खालच्या मजल्यावर दवाखाना, चार खाटा. बाळंतपणं, ऑपरेशनं, सगळं स्वतःच्या हातानं. वर बाजाराच्या दिवशी मंद्रूपला जाऊन तिथले पेशंट बघायचे ते वेगळंच. एका सकाळी त्यांची गाडी माझ्या झाडासमोरच बंद पडली. उतरले, माझ्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं, आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. "बघ बाबा तुला काही कळतंय का. मी टांग्यानं जातो." नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. संध्याकाळी आले तेव्हा गाडी चालू. त्या दिवसापासून त्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. शिवाय दवाखान्यात येईल त्याला सांगायचे — गाडीचं काही असलं तर आमच्या सिद्रामकडं जा.

माझ्या घरात चूल पेटली ती त्या किल्लीमुळं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, काय कृतघ्न माणूस आहे! कृतघ्न नव्हतो हो. डॉक्टर माझ्यासाठी देवाच्या खालोखाल होते, आजही आहेत. आणि तरीही मी ते केलं. कसं केलं? त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

गाडीचं सांगतो. विलायती, इंग्रजांच्या वेळची, बाटलीसारखी हिरवीगार. कुठल्याशा गिरणीचा साहेब मायदेशी जाताना डॉक्टरांना विकून गेलेला. तिचे पार्ट कुठून मिळायला? ट्रकचा पार्ट घ्यायचा, कानशीनं घासायचा, तिला बसवायचा. इंजिन उतरवलं, गिअर उतरवले, दारं तर किती वेळा पत्रा मारून सरळ केली. डॉक्टर हसून म्हणायचे, निम्मी गाडी इंग्रजांची, निम्मी सिद्रामची. त्यांचा जीव होता तिच्यावर. चालवताना शीळ घालायचे — एवढा मोठा माणूस, पण स्टेअरिंग हातात आलं की पोरासारखा.

आणि माझा? माझाही जीव होता, पण वेगळ्या कारणानं. ती गाडी रस्त्यानं गेली की लोक थांबून बघायचे. "आरं, ही अजून चालतीय व्हय?" "चालणार की, सिद्रामच्या हाताखाली हाय न्हवं!" चहाच्या टपरीवर हे कानावर आलं की मी मुद्दाम तिकडं न बघता चहा प्यायचो, आणि आतून असा फुगायचो म्हणता! टेंभुर्णीपासून गिऱ्हाईक यायला लागलं. ती हिरवी गाडी म्हणजे माझी चालती-फिरती पाटी होती.

तर — एकदा तिच्याखाली शिरलो आणि स्टेअरिंगच्या दांडीला तडा दिसला.

तुम्ही आपलं चाक फिरवता ना, ते फिरवणं खाली पुढच्या चाकांपर्यंत नेणारी ही दांडी. ती तुटली की हातातलं स्टेअरिंग नुसतं गरगर फिरतं आणि गाडी तिच्या मनानं जाते. उस्तादांनी मला पहिल्या महिन्यातच बजावलं होतं, "सिद्राम, क्या बी करना, स्टेरिंगकू जोड नक्को देना." दांडी बदलायची, नाहीतर गाडी उभी करायची. मधला रस्ता नाही.

मी मधला रस्ता काढला. दुसरी दांडी मिळेना. पुण्याला विचारलं, मुंबईच्या भंगारवाल्यांना विचारलं, छे! मग वेल्डिंग केलं, कानस मारली, वरून काळा रंग दिला. काम इतकं साफ की जोड शोधून सापडणार नाही. डॉक्टरांनी विचारलं, काय केलंस रे? म्हणालो, ग्रीस मारलं. दुसरी दांडी मिळेपर्यंतच, असं मनाला सांगितलं होतं. पार्ट मिळत नव्हते हे खरंच आहे — पण जीभ तर माझ्याच तोंडात होती ना? गाडी आता उभी करा, एवढं म्हणायला कुठला पार्ट लागत होता?

आणि म्हणायची वेळ आली. अगदी चालत माझ्या झाडाखाली आली.

त्या काळी नवी गाडी म्हणजे गेलात आणि आणलीत असं नव्हतं. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. डॉक्टरांनी कधीतरी नाव घालून ठेवलं होतं, आणि त्यांचा नंबर लागला. घ्यायची तर लगेच सांगायचं, नाहीतर नंबर गेला. डॉक्टर सकाळीच आले, माझ्या समोर टायरवर बसले, चहा घेतला. मग म्हणाले, "सिद्राम, खरं सांग. हिला बदलू, का अशीच दुरुस्त करत राहू? घरात प्रत्येकाचं मत वेगळं आहे. तू म्हणशील तसं करतो."

तू म्हणशील तसं! एवढ्या मोठ्या माणसानं मला, सातवी नापासाला, असं विचारावं. आजही ते आठवलं की ऊर भरून येतो.

ओठावर आलंच होतं, की सायेब, घ्या नवी, हिची दांडी गेलीय. पण त्याच वेळी डोळ्यापुढं नवी गाडी आली. पांढरी, चार लोकांकडं असते तशी. कंपनीच्या वर्कशॉपात जाणारी, कुणीही पाना लावावा अशी. आणि माझी हिरवी भंगारात. मग टपरीवर कोण माझं नाव काढणार? कोण थांबून बघणार? भीती म्हणा, मस्ती म्हणा — मी मस्तीच म्हणतो.

"बदलताय कशाला सायेब?" मी म्हणालो. "हितनं फुडं धा वर्सं तिला काय बी हुत न्हाय. माजी जबाबदारी."

डॉक्टरांचा चेहरा असा खुलला! त्यांनाही ती सोडवत नव्हतीच. बॉनेटवर थाप मारली, झालं तर मग म्हणाले, आणि त्याच दिवशी नंबर सोडून दिला.

पुढच्या उन्हाळ्यात मंद्रूपहून परत येताना, भर दुपारी, सरळ रस्त्यावर दांडी सुटली. समोरून एक बैलगाडी येत होती. तिला बाजू द्यायला डॉक्टरांनी स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी फिरलीच नाही. बैलगाडीवाल्यानं ओरडून बैल रस्त्याच्या खाली घातले म्हणून तो आणि बैल वाचले. डॉक्टरांची गाडी ओढ्यात उतरून बाभळीवर आदळली. मांडीचं हाड मोडलं. जीव वाचला, त्याबद्दल मी देवाचा आजन्म ऋणी आहे. हे वरवरचं बोलत नाही. ते गेले असते तर मीही राहिलो नसतो.

ट्रॅक्टर घेऊन गाडी आणायला मीच गेलो. खाली वाकून बघितलं. माझ्या जोडावरच तुटली होती. तुटल्या जागी निम्मा भाग काळा, गंजलेला — म्हणजे तडा कधीपासून आत आत सरकत होता — आणि निम्मा लख्ख, त्याच दिवसाचा. मी दांडी काढून घेतली आणि भंगाराच्या ढिगात घातली. कुणी विचारलंही नाही.

विचारलं ते डॉक्टरांनीच. मोठ्या दवाखान्यात पाय टांगून पडले होते. बाकीचे बाहेर गेल्यावर मला जवळ बोलावलं. "सिद्राम, मी चाक फिरवलं रे. मला आठवतंय. मग झालं काय? खालचं काही तुटलं होतं का?"

बघा, दुसऱ्यांदा तीच संधी. कितीजणांना मिळते अशी?

"आदळल्यावर तुटलं सायेब," मी म्हणालो. "आदी समदं चांगलं हुतं."

ते हळूच म्हणाले, "म्हणजे मी फिरवलंच नाही. मला नुसतं वाटलं." मग स्वतःशीच हसले. "वय झालं म्हणायचं." पन्नाशीचा, घोड्यासारखा धडधाकट माणूस हो!

पाय बरा झाला, थोडं लंगडत चालायचे. पुढं कुणाच्या तरी ओळखीनं नवी गाडी मिळाली, पण ती त्यांनी एकदाही चालवली नाही. ड्रायव्हर ठेवला, स्वतः मागं बसायचे. शीळ बंद झाली. आणि ऑपरेशनंही बंद झाली. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, डॉक्टरांना आता स्वतःच्या हाताचा भरवसा वाटत नाही, चिरफाडीचं काही आलं की दुसरीकडं पाठवतात. एक वाक्य बोललो असतो तर तो भरवसा परत आला असता. रोज बोलायचं ठरवायचो. आणि रोज सकाळी पेटी उघडून कामाला लागायचो.

ती गाडी आल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला ते नवी गाडी घेऊन पूजेला माझ्याकडंच आले. वर्कशॉपात नाही, माझ्याकडं. झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आणि मग चार लोकांदेखत मला टॉवेल-टोपी दिली. म्हणाले, या पोरानं ती गाडी इतकी मजबूत ठेवली होती म्हणून मी पाय मोडण्यावर निभावलो, दुसरी असती तर संपलो होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टोपी मी डोक्यावर घातली. नको म्हणता आलं असतं की नाही? आलं असतं. मी वाकून पाया पडलो आणि पाया पडताना खरोखर रडलो. लोकांना वाटलं, आनंदानं.

आणि मग गौरव्वाची वेळ आली. पहिलं बाळंतपण. सकाळी कळा सुरू झाल्या तशी टांग्यातून तिला डॉक्टरांकडं घेऊन गेलो. दुसऱ्या कुणाकडं जायला ती तयारच नव्हती. डॉक्टरांनी तपासलं, बाहेर आले. "मूल आडवं आहे. पोट उघडावं लागेल. पूर्वी मी इथंच केलं असतं — आता मी करत नाही." मी त्यांच्या हातांकडं बघत होतो. जराही थरथर नव्हती. भिंतीसारखे स्थिर हात. करा सायेब, तुमचा हात चांगला हाय, चूक माजी हुती — हे सगळं माझ्या घशात होतं. तिकडं बायको ओरडत होती, तरी ते घशातच राहिलं. स्वतःच्या बायकोच्या जिवावर बेतलं तरी तोंड उघडलं नाही. आता काय म्हणाल मला?

डॉक्टरांनी स्वतःच्या गाडीत तिला निजवलं. ड्रायव्हरशेजारी बसून वाटभर मागं वळून तिला धीर देत राहिले. मोठ्या दवाखान्यात ओळखीच्या सर्जनला हाताला धरून आत नेलं. मग बाहेर बाकावर माझ्याजवळ येऊन बसले. मुलगा झाला. मायलेकरं सुखरूप. आज तोच गॅरेज बघतो. डॉक्टर नसते तर यातलं काही नसतं — ना गॅरेज, ना बायको, ना मुलगा. मागच्या बऱ्याच वर्षांत असा दिवस गेला नाही की मी त्यांचे उपकार आठवले नाहीत. ते जाईपर्यंत त्यांनी पुन्हा स्टेअरिंग हातात धरलं नाही आणि चूक आपली होती असं समजूनच गेले.

त्या बाकावरचं एक सांगायचं राहिलं. आतून अजून काही कळलं नव्हतं. डॉक्टर बराच वेळ आपल्या हातांकडं बघत बसले होते. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "माझ्यामुळं उशीर झाला रे. मला माफ कर, सिद्राम."

आणि मी म्हणालो, "असू द्या सायेब."